पंगतीत दूध-तूप कशात आहे, एवढे सांगा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

लग्नसराई सुरू झाली की मंगल कार्यालयांच्या दारात 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी दिसते आणि खाण्यापिण्याच्या बाबतीत आता कोणाचीच अडचण उरली नाही, असे यजमानांना मनापासून वाटते. दूध, दही, तूप, लोणी, मध यांपैकी काहीही न घेणाऱ्या, म्हणजे व्हीगन पद्धतीने राहणाऱ्या माणसाची अडचण मात्र त्या पाटीपासूनच सुरू होते. मी साताऱ्यात राहते, गेली काही वर्षे या पद्धतीने जगते आहे, आणि या जगण्यातला अवघड भाग कोणता असे मला कोणी विचारले तर मी स्वयंपाकघराचे नाव घेणार नाही. घराबाहेर समोर आलेल्या ताटात नेमके काय घातले आहे हे खात्रीने कळत नाही, हीच खरी अडचण आहे. आपल्यासाठी सर्वांनी दूध सोडावे अशी मागणी या पत्रात नाही. जो शिजवतो आणि वाढतो त्याने पदार्थात दुधाचे काही आहे की नाही ते स्पष्ट सांगावे, एवढीच मागणी आहे.

आपला मराठी स्वयंपाक या दृष्टीने फार सोयीचा आहे. पिठले-भाकरी, वांग्याचे भरीत, मटकीची उसळ, अळूचे फदफदे, कुळथाची पिठी, शेंगदाण्याची व जवसाची चटणी, कांदेपोहे, तेलावरचे थालीपीठ, तिळगुळाची पोळी यांत दुधाचा संबंध मुळातच नाही. कोकणातली सोलकढी नारळाच्या दुधाची, आणि गोव्याकडचे खतखते व मणगणेही नारळ-गुळावर उभे आहे. अडचण येते ती वरून पडणाऱ्या आणि आत लपलेल्या गोष्टींची. पंगतीत वरणभातावर अन्नशुद्धीचे तूप पडते, पोळी तूप लावूनच येते, कोशिंबिरीत दही असते, मसालेभाताला फोडणी तुपाची की तेलाची हे वाढप्यालाही ठाऊक नसते, जिलेबीचे पीठ अनेकदा दह्यात आंबवलेले असते आणि हल्लीच्या बुफेतल्या जवळजवळ प्रत्येक भाजीच्या रश्शात मलई किंवा लोणी असते. दिवाळीच्या फराळात चिवडा आणि शेव तेलाची, पण चकलीचे मोहन लोण्याचे असू शकते आणि शंकरपाळ्यात दूध-तूप दोन्ही असते. एका कार्यालयात आचाऱ्याने निःशंकपणे 'तेलातलीच आहे' म्हणून सांगितलेली भाजी मलईची निघाली. तो खोटे बोलला असे मला वाटत नाही, कारण मलई सांगण्यासारखी वस्तू आहे हेच त्याच्या ध्यानी आले नव्हते.

पाकीटबंद पदार्थांच्या बाबतीत कायदा बराच पुढे गेला आहे. हिरव्या ठिपक्यावरून मांस, मासे व अंडी नाहीत एवढेच कळते, दुधाविषयी तो काही सांगत नाही. परंतु भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या वेष्टन-नियमांनुसार ॲलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांमध्ये दुधाचा उल्लेख वेष्टनावर वेगळा करावा लागतो, आणि 2022 मध्ये व्हीगन अन्नपदार्थांसाठी स्वतंत्र नियम व स्वतंत्र हिरवे चिन्ह आले. त्यामुळे बिस्किटाचा पुडा उलटून पाहिला की निर्णय करता येतो. ज्या उपाहारगृहांना केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या शाखा दहा वा अधिक ठिकाणी आहेत, त्यांनीही अशा घटकांची माहिती ग्राहकाला द्यावी असे नियम सांगतात. मात्र आपले रोजचे बाहेरचे खाणे अशा मोठ्या साखळ्यांमध्ये होत नाही. ते खानावळीत, कार्यालयाच्या उपाहारगृहात, वसतिगृहाच्या भोजनगृहात, रुग्णालयाच्या डब्यात आणि मंगल कार्यालयात होते, आणि तिथे ही माहिती विचारणाऱ्यालाही बहुधा मिळत नाही. ज्या लहान मुलाला दुधाची ॲलर्जी आहे त्याच्या आईला माझ्यापेक्षा कितीतरी अधिक निकडीने ही माहिती हवी असते. दूध न पचणारी प्रौढ माणसे तर आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात आहेत.

माहितीइतकाच नात्यांचा प्रश्न नाजूक आहे. आपल्याकडे तूप हे मायेचे माप आहे. आत्याने वाढलेले तूप नको म्हणणे म्हणजे तिची मायाच नको म्हणणे, असा अर्थ क्षणात निघतो आणि 'एवढ्याशाने काय होतंय गं' हे वाक्य ऐकावे लागते. साताऱ्यात राहून कंदी पेढा नाकारणे किती जड जाते हे इथल्या माणसालाच कळेल. सत्यनारायणाचा प्रसाद आणि पंचामृत यांच्याबाबत तर समोरच्याच्या श्रद्धेला धक्का लागेल की काय, ही भीतीही असते. अनुभवाने मला असे दिसले आहे की ताटावर बसल्यानंतर नकार देण्यापेक्षा दोन दिवस आधी फोन करून सांगितले तर माणसे दुखावत नाहीत, उलट आवर्जून वेगळी वाटी काढून ठेवतात. प्रसाद म्हणून केळे किंवा नारळाचा तुकडा मी आदराने घेते, आणि आजवर कोणत्याही गुरुजींनी त्याला हरकत घेतलेली नाही. खेड्यात तर कोरा चहा मागितला की कोणी कारणही विचारत नाही, कारण घरात दूध नसले की तोच पाहुण्यापुढे ठेवण्याची रीत तिथे जुनी आहे. शहरातल्या शिकलेल्या मंडळींतच वाद अधिक होतो.

दुधाला विरोध कशासाठी, गाय काही मारली जात नाही, असे मला नेहमी विचारले जाते. गाय वा म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही आणि जन्मणाऱ्या वासरांत नर व मादी साधारण सारखेच असतात. तरीही 2019 च्या पशुगणनेत देशात गोवर्गातील माद्या साडेचौदा कोटींच्या आसपास आढळल्या, तर बैल, वळू आणि गोऱ्हे मिळून पाच कोटींहूनही कमी भरले. हे नर कुठे गेले याचे उत्तर दूध विकत घेणाऱ्या प्रत्येकाने शोधायला हवे. पूर्वी गोऱ्हा वाढवला तर तो नांगराला आणि गाडीला उपयोगी पडत असे, त्याची जागा आता ट्रॅक्टरने घेतली. राज्यात 2015 पासून बैल आणि गोऱ्ह्यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे कायद्याने तो कत्तलीसाठी विकताही येत नाही आणि पोसणेही परवडत नाही. मग तो उपाशी राहतो, मोकाट सोडला जातो किंवा गुपचूप वाहनात भरला जातो. म्हशीच्या नर पारड्याला तर ही सरसकट बंदीही लागू नाही, आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत आपला देश जगात आघाडीवर आहे. फक्त मादी वासरे जन्मावीत म्हणून लिंगनिर्धारित रेतमात्रा आता सरकारी योजनेतून सवलतीत दिल्या जातात. नर वासरू दुधाच्या व्यवसायात नकोसे झाले आहे, याची याहून स्पष्ट कबुली कोणती असू शकते? माझ्या माहेरी म्हशी होत्या आणि त्यांच्यावर घरातल्या सर्वांचा जीव होता. पारडू मात्र फार दिवस गोठ्यात दिसत नसे, आणि लहानपणी त्याविषयी विचारले की मोठी माणसे विषय बदलत.

यात मी शेतकऱ्याला दोषी धरत नाही. माण-खटावसारख्या दुष्काळी तालुक्यांत दर दहा दिवसांनी येणारे दुधाचे बिल हाच घराचा एकमेव खात्रीचा पैसा असतो, आणि 2018 च्या जुलैमध्ये दूध रस्त्यावर ओतण्याची वेळ ज्यांच्यावर आली त्यांची व्यथा खोटी नव्हती. म्हणूनच वनस्पतींपासून केलेल्या दुधाचा प्रश्न मला शेतीचाच प्रश्न वाटतो. मराठवाडा आणि विदर्भातल्या शेतकऱ्याला सोयाबीन हमीभावापेक्षा कमी दराने विकावे लागते, आणि त्याच सोयाबीनचे दूध व टोफू शहरातल्या मोजक्या दुकानांत चढ्या भावाने मिळते. सप्टेंबर 2025 मध्ये वनस्पतिजन्य दुधावरील वस्तू व सेवा कर 18 टक्क्यांवरून आणि सोया दुधावरील 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला गेला, हे योग्यच झाले. तालुक्याच्या ठिकाणी बचत गटांनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी या धंद्यात उतरावे यासाठी मात्र अजून कोणी फारसे बोलत नाही.

आणखी एका गोष्टीबाबत मला स्पष्ट बोलायचे आहे. आपल्याकडे शाकाहाराला जातीची आणि सोवळ्याओवळ्याची बाजू आहे, आणि मांस खाणाऱ्यांना घर नाकारणाऱ्या सोसायट्या आजही आहेत. माझे म्हणणे त्या भूमिकेच्या बाजूने कोणी वापरू नये. जनावराला होणाऱ्या त्रासाचा विचार करायचा तर रोज तूप खाणाऱ्याला मासे खाणाऱ्यापेक्षा स्वतःला शुद्ध समजण्याचा अधिकार नाही. माझ्या मैत्रिणींमध्ये मांसाहारी कुटुंबांतल्याच अधिक आहेत, आणि दुधाविषयीचे माझे म्हणणे त्यांनी शाकाहारी नातेवाइकांपेक्षा शांतपणे ऐकून घेतले.

ही कल्पना परदेशातून आली असेही म्हटले जाते. व्हीगन चळवळीची पहिली संस्था 1944 मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झाली हे खरे आहे. परंतु त्याच्या तीन दशके आधी, 1912 मध्ये, गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते, आणि गायी-म्हशींचे दूध अधिक काढण्यासाठी होणारे क्रूर प्रकार हे त्यामागचे एक कारण होते. पुढे 1918 च्या गंभीर आजारानंतर मुंबईतल्या डॉक्टरांनी आग्रह धरला आणि कस्तुरबांनी सुचवले, तेव्हा ते शेळीचे दूध घेऊ लागले. व्रताची अक्षरे पाळली पण आत्मा गमावला, अशी खंत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. दुधाशिवाय प्रकृती कशी सांभाळावी याचे पुरेसे ज्ञान त्या काळी डॉक्टरांकडेही नव्हते. बी-बारा हे जीवनसत्त्व वेगळे काढण्यात शास्त्रज्ञांना यश आले ते 1948 मध्ये, गांधीजी गेले त्याच वर्षी.

या जीवनसत्त्वाविषयी माझ्यासारख्यांनी अतिशय प्रामाणिक असले पाहिजे. वनस्पतिजन्य आहारातून ते भरवशाने मिळत नाही, आणि व्हीगन माणसाने त्याची गोळी घेतलीच पाहिजे. मीही ती घेते आणि अधूनमधून रक्त तपासून घेते. मात्र दूध पिणारे निर्धास्त आहेत असेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने वर्षानुवर्षे केलेल्या संशोधनातून, दूध-दही घेणाऱ्या आपल्या सामान्य शाकाहारी समाजातही बी-बाराची कमतरता किती पसरली आहे हे समोर आले. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ आणि पालेभाज्या आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट, परंतु त्यातले सगळेच शरीरात शोषले जात नाही, म्हणून तीळ आणि भाजीची जोड हवी. लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्याबाबत डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणीही केवळ उत्साहाने हा बदल करू नये, असे मी आग्रहाने सांगते.

मंगल कार्यालयांचे चालक, आचारी आणि खानावळवाले यांना माझी विनंती आहे की बुफेतल्या पदार्थाच्या नावाच्या पाटीवर 'दूध आहे' किंवा 'दूध नाही' हे दोन शब्द लिहावेत, आणि पंगतीत तूप ताटावर घालण्यापूर्वी विचारावे. यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. पोळ्यांचा एक ढीग तुपाशिवाय बाजूला ठेवणे हेही कोणत्याही स्वयंपाकघराला जड नाही. रुग्णालये आणि वसतिगृहे यांच्या भोजनाचा ठेका देताना ही अट करारातच घालता येईल, आणि अन्न व औषध प्रशासनाने लहान परवानाधारकांसाठी मराठीत सोपी सूचना काढली तर काम आणखी सुकर होईल. आपल्या वृत्तपत्रातही पाककृती नेमाने येतात. त्यांतल्या ज्या मुळातच दुधाविना आहेत त्यांच्यापुढे तशी खूण करावी, आणि जिथे तुपाऐवजी तेल किंवा दुधाऐवजी नारळाचे दूध चालू शकते तिथे एका ओळीत तसे नमूद करावे, ही आपल्याला विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा