हो आबा, आयटीआयच म्हणा हवं तर

ती. आबा आणि आजी,
सा. न. वि. वि.

(सुरुवात अशी करायची असते असं बाबा म्हणाले, पुढचं माझं मी लिहितेय, चुका काढू नका.) दादाला फाइल पाठवलीय, तो मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल, आजी तू चष्मा शोधत बसू नको.

परवा व्हिडिओ कॉलवर काका म्हणाले ना, "अमेरिकेत नेऊन पोरीला आयटीआयलाच घातलं होय", सगळे हसले, मीपण हसले, पण आबा तुम्ही काहीच बोलला नाहीत, उठून बाहेर गेलात आणि मग कॅमेऱ्यात नुसती तुमची खुर्ची. तेव्हापासून डोक्यात आहे की तुम्हाला एकदा नीट सांगायचं, फोनवर जमत नाही कारण सगळे एकदम बोलतात आणि मध्येच कुकर होतो.

तर शाळेचं नाव एव्हिएशन हायस्कूल. क्वीन्समध्ये लाँग आयलंड सिटीला, आमच्या जॅक्सन हाइट्सवरून ७ नंबरच्या ट्रेनने ३३ स्ट्रीटला उतरायचं, ट्रेन वरून पुलावरून जाते. सरकारी शाळा आहे, फी शून्य, ट्रेनचं कार्ड फुकट, दुपारचं जेवणही फुकट (ते न्यूयॉर्कच्या सगळ्याच सरकारी शाळांत आहे, पण आजी तुझी भाकरी आठवते ते जेवून). अ‍ॅडमिशन म्हणजे तिकडे अकरावीला ऑनलाइन पसंतीक्रम भरतात तसंच, आठवीत असताना शाळांची यादी क्रमाने भरायची आणि कुठे लागली ते नंतर कळतं. आईला ही यादीत खाली टाकायची होती, मी वर टाकली, त्यावरून झालेलं भांडण तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

गणित, फिजिक्स, इंग्लिश, इतिहास हे सगळं इतर शाळांसारखंच, त्याच्या परीक्षा पण त्याच. पण बरोबर शॉप असतं, म्हणजे वर्कशॉप, आणि खाली हँगर आहे ज्यात खरीखुरी विमानं उभी आहेत, चित्रं नाहीत, मॉडेल नाहीत, हात लावायची विमानं. आपल्याकडे विमान दुरुस्तीचं शिक्षण सहसा बारावी सायन्सनंतर सुरू होतं, इथे नववीपासूनच. शेवटी हायस्कूलचा डिप्लोमा तर मिळतोच, शिवाय एफएएच्या मेकॅनिक सर्टिफिकेटची तयारी होते, एफएए म्हणजे इथलं विमान वाहतुकीचं सरकारी खातं, आपलं डीजीसीए जे आहे ते. त्यात दोन भाग, एक विमानाच्या सांगाड्याचा आणि एक इंजिनाचा, चार वर्षांत एक होतो, दुसरा हवा असेल तर पाचवं वर्ष करता येतं. लेखी, तोंडी आणि हाताने करून दाखवायचं अशा तिन्ही परीक्षा, आणि वय १८ पूर्ण पाहिजे. म्हणजे तुमच्या आयटीआयच्या ट्रेड टेस्टसारखंच की नाही?

आता खरी गोष्ट. इथे सगळं इंचात. मी सातवीपर्यंत मिलीमीटरवर वाढलेली, मला ३/१६ मोठं की ५/३२ हे पटकन कळायचंच नाही, पोरं फटाफट उत्तर द्यायची आणि मी वहीत छेद समान करत बसायचे. मग एक दिवस तुमचं "सूत" आठवलं. तुम्ही दाराची कडी बसवताना म्हणायचात ना, अजून एक सूत खाली घे. एक सूत म्हणजे १/८ इंच! मग काय, ३/१६ म्हणजे दीड सूत आणि ५/३२ म्हणजे सव्वा सूत, संपला विषय. आता सगळ्यात आधी माझं उत्तर येतं, आणि कसं येतं ते मी कोणाला सांगत नाही.

सध्या रिव्हेट चाललंय, तुम्ही रिबिट म्हणता ते, पत्रे जोडायची धातूची खीळ. प्रत्येक प्रकाराला नंबर असतो, आमचा नेहमीचा एएन ४७० एडी ४-४. पहिला ४ म्हणजे जाडी ४/३२ इंच, तुमचं बरोबर एक सूत. दुसरा ४ म्हणजे लांबी ४/१६, दोन सूत. दोन पत्रे एकावर एक धरून भोक पाडायचं, रिव्हेट घालायचा, मागे दीड सूत बाहेर राहिला पाहिजे, आणि ठोकल्यावर त्याचं जे मागचं डोकं होतं ते दीड सूत रुंद आणि अर्धा सूत उंच. कमी नाही, जास्त नाही. हे दोघांचं काम आहे, एकजण पुढून रिव्हेट ठोकायची गन चालवतो आणि दुसरा मागून लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरतो. गनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून मागचा माणूस टकटक करून सांगतो: एक टक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे बरोबर झाला, तीन म्हणजे बिघडला, काढून टाक. माझी पार्टनर एक बांगलादेशी मुलगी आहे, फार कडक. मागच्या आठवड्यात माझ्या दहा रिव्हेटपैकी चारांना तीन टक. आणि काढायचं म्हणजे परत ड्रिल, त्यात भोक फारच मोठं झालं की पुढच्या मापाचा रिव्हेटही घट्ट बसत नाही, मग पत्राच भंगारात. मला रडूच येत होतं पण गॉगल होता म्हणून कोणाला दिसलं नाही.

तास संपला की हत्यारं मोजतात. बोर्डवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलेला असतो, एखादी जागा रिकामी दिसली की सापडेपर्यंत कोणी हलायचं नाही, कारण पान्हा विमानात राहिला तर काय होईल. मला तुमची पत्र्याची पेटी आठवली, तुम्ही झोपायच्या आधी मोजायचात आणि आम्ही पोरं पक्कड लपवून ठेवायचो. सॉरी हां.

आणि काकांना एक विचारा माझ्यातर्फे. राईट बंधू सगळ्यांना माहीत, पण १९०३ च्या त्या विमानाचं इंजिन कोणी बनवलं? त्यांच्या सायकलच्या दुकानातला मेकॅनिक, चार्ली टेलर. साधारण १२ हॉर्सपॉवरचं, लेथ, ड्रिल आणि हातातली हत्यारं घेऊन सहा आठवड्यांत. त्याचा वाढदिवस २४ मे, त्या दिवशी इथे विमान मेकॅनिकांचा दिवस असतो. काका गुगल करतील, करू देत.

पुढे इंजिनिअरिंग करणार का असं आई रोज विचारते. करेनही कदाचित. अजून ठरलं नाही.

आबा, आता तुम्ही मला एक सांगा आणि हे खरंच विचारतेय. माझं भोक तिरकं जातंय. पंच नीट मारलेला असतो, खुणेवरच असतो, तरी ड्रिल सुरू झालं की किंचित डावीकडे कलतंय. सर म्हणतात कोपर वर उचलतेस. मला वाटतं मी घाबरून जास्त दाबते. तुमच्या वेळी नव्या पोरांचं असं व्हायचं का, आणि तुम्ही त्यांना काय करायला लावायचात? दादाला सांगा, तो रेकॉर्ड करून पाठवेल. पुढच्या गुरुवारी परत शॉप आहे, त्याच्या आत पाठवा.

तुमची,
चिमी