डागडुजीत खलाशांचे कानही मोजा

पावसाळी मासेमारी बंदीतील नौकांच्या डागडुजीचे वृत्त वाचले. त्यात फळ्या, रंग, जाळी आणि इंजिन होते. इंजिनाच्या आवाजाचा उल्लेखही नव्हता. ८५ डेसिबलला आठ तास ही तज्ज्ञांनी सुचवलेली सुरक्षित मर्यादा. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे शंभरला जेमतेम १५ मिनिटे. ट्रॉलरच्या इंजिनखोलीत आवाज सहज तेवढा असतो आणि खलाशी झोपतात तिच्याच वर. कारखान्यातला कामगार निदान घरी जातो. यांच्या कानांना फेरी संपेपर्यंत विसावा नाही. आधी कानात गुंजते, मग जाळे ओढणाऱ्या विंचजवळ तांडेलाची (नौकेच्या प्रमुखाची) हाक ऐकू येत नाही, आणि तिथेच हात दोरात सापडतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. मोठ्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय ध्वनिसंहिता २०१४ पासून बंधनकारक आहे. मासेमारी नौका तिच्यातून वगळल्या आहेत.

इंजिन उघडलेलेच असते तेव्हा इंजिनाखालचे तेलाने खराब झालेले रबरी माउंट आणि गंजलेला सायलेन्सर बदलावा. इंजिनखोलीच्या छताला रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) लावून वर छिद्रांचा पत्रा ठोकावा. फोम नको, तो तेल शोषतो आणि पेटतो. झाकणाला रबरी पट्टी हवी. कानात कापूस घालून काही होत नाही. कान झाकणारे इअरमफ इंजिनखोलीच्या तोंडाशीच टांगलेले असावेत. मत्स्यव्यवसाय विभागाने बंदीच्या दोन महिन्यांत बंदरांवर श्रवणतपासणी ठेवावी.

– एक वाचक, रत्नागिरी