लिमोज स्टेशनवरच्या ताईंना

ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. माझी लेक या पत्राचं फ्रेंच करून तुम्हाला स्टेशनवर आणून देणार आहे. पण मनातलं मला मराठीतच लिहिता येतं.

गाडी कशी चुकली, फोन कसा बंद पडला, ते उगाळत नाही. पॅरिसपासून जवळजवळ ४०० किलोमीटरवर, रात्रीची, मी लिमोजला एकटी उतरले. जवळ एक वही, तिच्यात लेकीचा नंबर, पण आकडे मराठीत. जन्मभर हिशेब तसेच लिहिले. वाटेत एका खिडकीवर मी ही वही पुढे केली, तर आतल्या माणसाने नुसती नजर टाकून परत सरकवली आणि तेच फ्रेंच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हटलं. मला ऐकू येत होतं हो, भाषा येत नव्हती! साठी उलटलेल्या बाईवर ओरडताना त्याला काहीच कसं वाटलं नाही?

तुमचं स्टेशन रुळांच्या वरच बांधलंय. बॅग ओढत जिना चढले, त्या मोठ्या घुमटाखाली आले आणि बाकावर बसून रडायलाच लागले.

तुम्ही सफाईची गाडी बाजूला लावलीत आणि माझ्या शेजारी बसलात. नंतर सगळ्यांनीच मदत केली असती कदाचित, पण शेजारी तुम्ही बसलात. वही पाहिलीत, आकड्यांवर बोट ठेवलंत आणि तुमचा हात माझ्यासमोर उघडा धरलात. मला कळलं. शून्याला मी मूठ मिटली, साताला पाच आणि दोन बोटं. प्रत्येक आकडा तुम्ही आपल्या बोटांवर करून दाखवायचात, मी मान हलवली की माझ्या आकड्याखाली तुमचा लिहायचात. तुम्ही अंगठ्यापासून मोजता, मी करंगळीपासून, त्यामुळे एकदा चुकलं. तुम्ही खोडून पुन्हा विचारलंत. अजिबात घाई नाही. दहा आकडे!

अडलेल्या माणसाशेजारी बसायला ना हुद्दा लागतो, ना भाषा. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्या बायका एवढ्या लांबच्या प्रवासाला निघतात.

पुढे लेकीने दिवसाउजेडी स्टेशन दाखवलं. १९२९ सालचं, ६० मीटरहून उंच घड्याळाचा मनोरा, रंगीत काचांवर चेस्टनटची पानं. फार देखणं आहे. मी मात्र आधी तो बाक शोधला.

त्या रात्री लेक धावत आली, मला मिठी मारली. मी वळून पाहिलं तोवर तुम्ही गाडी ढकलत लांब गेला होतात. वहीचं ते पान तसंच आहे, वर माझे आकडे, खाली तुमचे.

तुमची,
त्या रात्रीची वहीवाली बाई