प्रांताची स्पर्धा मोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मूळची कोल्हापूरची. गेली बारा वर्षं आयर्लंडमध्ये ड्रॉहेडा गावात राहते आणि सकाळच्या चहाबरोबर आपला ई-पेपर वाचते. माझ्यासारखी बरीच मराठी घरं आता या देशात आहेत, त्यांच्यासाठी हे पत्र. विषय इथल्या गेलिक फुटबॉलचा आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पंधरा-पंधरा खेळाडू असतात. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण चारच पावलं. तेवढ्यात तो जमिनीवर आपटायचा, नाहीतर चवड्यावरून उडवून परत हातात घ्यायचा. आडव्या दांडीवरून मारला तर एक गुण, जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. 2025 पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारला तर दोन गुण मिळतात. कुणालाही खेळण्याचे पैसे मिळत नाहीत. काउंटीच्या संघातला मुलगा सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला किंवा वायरिंगच्या कामावर जातो.

आणि तो खेळतो आपल्या काउंटीसाठी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासाठी. पैसे टाकून कुणी खेळाडू विकत घेऊ शकत नाही. या काउंट्या लेन्स्टर, मन्स्टर, कॉनाक्ट आणि अल्स्टर या चार प्रांतांत विभागलेल्या. दर वर्षी आधी प्रांताची स्पर्धा, मग अखिल आयर्लंडची. 1888 पासूनची ही रीत आहे. गेली काही वर्षं मात्र प्रांताची स्पर्धा हवीच कशाला, ती बाजूला सारा, असा सूर वाढतोय. त्याला माझा मनापासून विरोध आहे.

आमची काउंटी लाउथ, आकाराने आयर्लंडमधली सगळ्यात लहान. लोक तिला ‘वी काउंटी’ म्हणतात, इवलीशी काउंटी. बॉइन नदीकाठचं आमचं गाव लाउथमध्ये, पण वाढत वाढत दक्षिणेची वस्ती शेजारच्या मीथ काउंटीत गेलेली. त्यामुळे मे महिन्यात एकाच रस्त्यावर लाउथचे लाल-पांढरे आणि मीथचे हिरवे-सोनेरी झेंडे दिसतात. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा या तालमींच्या फुटबॉल सामन्याच्या आधी पेठांमध्ये जी हवा असते ती ज्याने अनुभवली, त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

लाउथने लेन्स्टरचं विजेतेपद 1957 मध्ये मिळवलं होतं, त्याच वर्षी अखिल आयर्लंडचंही. त्यानंतर काहीच नाही. 2010 मध्ये अंतिम सामन्यात समोर मीथ होता आणि शेवटच्या क्षणापर्यंत लाउथ पुढे होता. तेवढ्यात मीथचा एक गोल झाला. चेंडू हातातून रेषेपलीकडे टाकलेला सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला, पंचांनीही नंतर चूक कबूल केली, पण निकाल तसाच राहिला. आमच्या शेजारचे आजोबा त्या दिवशी डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये होते. त्यांच्याकडे चहाला गेलं की कधी ना कधी तो गोल निघायचाच, आणि निघाला की त्यांच्या हातातली बशी किणकिणायला लागायची. पुढे 2023 आणि 2024 अशी लागोपाठ दोन वर्षं लाउथ अंतिम सामन्यात आला आणि दोन्ही वेळा डब्लिनकडून हरला.

मग 11 मे 2025 उजाडला. उपांत्य फेरीत मीथने डब्लिनला घरी पाठवलं होतं, म्हणजे पुन्हा क्रोक पार्क आणि पुन्हा लाउथ विरुद्ध मीथ. मी, माझा मुलगा आणि आजोबा एकाच रांगेत बसलो होतो. निकाल लाउथ 3-14, मीथ 1-18 (आधी गोल, मग गुण), सगळे गुणांत मोजले तर 23 विरुद्ध 21. सामना संपला, चहूकडे लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते आणि आजोबा बसलेलेच. माझा मुलगा त्यांना उठवायला लागला तर म्हणाले, “थांब बाळा, अजून बदलतील.” लाउथचा कर्णधार सॅम मलरॉय याने करंडक वर उचलला तेव्हा कुठे ते उठले. आठ वर्षांचे असताना त्यांनी 1957 पाहिलं होतं. मधली अडुसष्ट वर्षं त्यांनी वाट पाहिली होती.

आता विरोधकांचं म्हणणं. ते खोटं नाही. 2011 ते 2024 डब्लिनने लेन्स्टर सलग चौदा वेळा जिंकलं. मन्स्टरमध्ये बहुतेक वर्षी केरी जिंकतो. असे एकतर्फी सामने कुणाला हवेत, त्यापेक्षा ताकदीप्रमाणे गट पाडा, असं ते म्हणतात. शिवाय 2025 मध्येच पुढे अखिल आयर्लंड स्पर्धेत लाउथ उपांत्यपूर्व फेरीपर्यंतही पोहोचला नाही आणि हरलेला मीथ उपांत्य फेरीपर्यंत गेला, हेही खरं. पण ड्रॉहेड्यात कुणालाही विचारा, त्या वर्षीचा कुठला दिवस लक्षात आहे. ताकदीप्रमाणे गट पाडले की लाउथला प्रतिस्पर्धी मिळतील, शेजारी मिळतीलच असं नाही.

आणि हे फक्त लाउथचं नाही. 22 नोव्हेंबर 2020 ला एकाच दिवशी टिपररीने मन्स्टर जिंकलं, 1935 नंतर पहिल्यांदा, आणि कॅव्हनने अल्स्टर, 1997 नंतर पहिल्यांदा. त्याच्या आदल्या दिवशी क्रोक पार्कमधल्या गोळीबाराला शंभर वर्षं झाली होती. 21 नोव्हेंबर 1920 ला ब्रिटिशांच्या सशस्त्र दलांनी तिथे सामना चालू असताना चौदा जणांना मारलं, त्यात टिपररीचा खेळाडू मायकल होगन होता. शंभर वर्षांनी टिपररीची मुलं त्या वेळच्या जर्सीसारखी पांढरी-हिरवी जर्सी घालून उतरली आणि कॉर्कला हरवून आली. साथीमुळे स्टेडियम रिकामं होतं. प्रांताची स्पर्धाच नसती तर टिपररीला हा दिवस कुठून दिसला असता?

आता आयर्लंडमधल्या मराठी मंडळींना माझी विनंती. आपली मुलं क्लबमध्ये जातात, आपण शनिवारी सकाळी त्यांना मैदानावर सोडतो, मॅच संपल्यावर सँडविच वाटायलाही थांबतो. पण क्लबच्या वार्षिक सभेला आपल्यातलं फारसं कुणी दिसत नाही. मीही सुरुवातीची सहा वर्षं गेले नव्हते. वाटायचं, हा त्यांचा मामला, आपण कशाला बोलायचं. पण गेलिक खेळ चालवणाऱ्या या संघटनेत ठराव क्लबातून निघतो, काउंटीच्या अधिवेशनात जातो आणि मग काँग्रेसमध्ये, म्हणजे संघटनेच्या देशपातळीवरच्या सभेत. ऑक्टोबर 2021 मध्ये प्रांताच्या स्पर्धा अखिल आयर्लंडपासून तोडून वसंतात ढकलण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्याला 50.6 टक्के मतं पडली. साठ टक्के लागतात म्हणून तो पडला. निम्म्याहून जास्त लोक त्या बाजूने होते, हे विसरू नका. तेव्हा सभासद व्हा, सभेला जा आणि विषय निघाला तर हात वर करून बोला. आपलं इंग्रजी कसं आहे ते तिथे कुणी बघत नाही. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा माझा आवाज कापत होता, आणि सभा संपल्यावर तीन जण येऊन हात मिळवून गेले.

आपल्याकडेही एक मागणं आहे, संपादक महाशय. मे महिन्यात लेन्स्टरचा अंतिम सामना झाला की क्रीडापानावर कोपऱ्यात दोन ओळींत निकाल द्यावा. कोल्हापुरात माझे वडील रोज सकाळी पेपर वाचतात. नातवाच्या काउंटीचं नाव त्यांना तिथे वाचायला मिळेल.

आपली नम्र,
एक वाचक
ड्रॉहेडा, आयर्लंड