कपाटातल्या कॅसेटींना पावसाळा सोसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी २०२२ मध्ये कीर्ती शिलेदार गेल्या, त्याच वर्षी नोव्हेंबरात विक्रम गोखले. सप्टेंबर २०२३ मध्ये मालिनी राजूरकर, जानेवारी २०२४ मध्ये प्रभा अत्रे, डिसेंबरात झाकीर हुसेन, ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे. दर वेळी आठवणींचे लेख येतात, शोकसभा होते, जुन्या मैफलीचा एखादा तुकडा मोबाइलवर फिरतो. महिनाभरात सगळे शांत होते. मग घरचे लोक कलावंताची खोली आवरायला घेतात, आणि खरे नुकसान तिथे होते.

मोठ्या नावांचे पुष्कळ काही कुठे ना कुठे टिकते. काळजी आहे ती आकाशवाणीवर बी-हाय या मधल्या श्रेणीत वर्षानुवर्षे गायलेल्यांची, संगीत नाटकाला ऑर्गनची साथ करणाऱ्यांची, लावणीच्या बारीत ढोलकी वाजवणाऱ्यांची. त्यांच्या कलेचा पुरावा म्हणजे लोखंडी कपाटातल्या नाहीतर माळ्यावरच्या खोक्यातल्या दोन-तीनशे कॅसेटी. मोठ्यांच्या बाबतीतही या घरगुती ध्वनिमुद्रणांचे मोल कमी नाही. प्रभाताईंचा मारुबिहाग आणि कलावती १९७१च्या तबकडीमुळे घरोघरी पोचला. पण तबकडीची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांत संपते. मैफलीत तोच राग तासभर कसा उलगडतो, हे कळायला कुणीतरी समोर बसून भरलेली टेपच लागते.

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते आणि स्लॅबखालचा माळा एप्रिलमध्ये भट्टीसारखा तापतो. चुंबकीय फितीला दोन्ही वाईट. म्हणून कलावंत गेल्यावर पहिला पावसाळा येण्याआधी खोकी माळ्यावरून उतरवून आतल्या, कोरड्या खोलीत आणावीत. कॅसेट आडवी रचू नये, पुस्तकासारखी उभी ठेवावी. लाउडस्पीकरपासून लांब ठेवावी, कारण त्यात चुंबक असतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर रंग बदलताच त्या बदलायच्या किंवा पुन्हा तापवून सुकवायच्या. एकदा टाकून विसरलेली पुडी काही कामाची नाही.

कॅसेट वाजवून पाहण्याचा मोह आधी आवरावा. सगळ्यात आधी तिच्या मागच्या कडेचे दोन चौकोनी प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाकावेत; मग चुकून रेकॉर्डचे बटण दाबले तरी काही पुसले जात नाही. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट यंत्रात घातली की बुरशी यंत्रात जाते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटींनाही लागते. ती पिशवीत घालून वेगळी काढावी, पूर्ण सुकवावी आणि साफ करताना तोंडाला मास्क लावावा. आवाज अचानक दबका येतो तेव्हा अनेकदा दोष फितीचा नसतो. फितीला हेडवर, म्हणजे यंत्राच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारी बनातीची छोटी गादी डिंक वाळल्यामुळे निसटलेली असते. पाच स्क्रूंचे कवच असेल तर फीत सरळ नव्या कवचात बसवता येते. चिकटवलेले कवच फोडावे लागते, ते जाणत्याकडून करून घ्यावे. सी-१२० (दोन तासांच्या) कॅसेटची फीत फार पातळ असते. ती वेगाने मागे-पुढे पळवली की ताणते, आणि ताणलेला सूर परत येत नाही.

ऑनलाइन मिळणारी स्वस्त यूएसबी कॅसेटयंत्रे या कामाला घेऊ नयेत. त्यांचा वेग डुलतो आणि तंबोरा डचमळल्यासारखा ऐकू येतो. जुना चांगला कॅसेट डेक घ्यावा, त्याचा रबरी पट्टा बदलावा (तीस वर्षांचा पट्टा वितळून डांबर झालेला असतो) आणि दर दोन-तीन कॅसेटींनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. रबरी रोलरला मात्र ते लावू नये. डॉल्बीचे, म्हणजे फितीची खरखर दाबणाऱ्या सोयीचे, बटण बंद ठेवावे. घरगुती कॅसेटींत डॉल्बी बहुधा वापरलेले नसते आणि बटण चालू राहिले की जवारीची (तंबोऱ्याच्या तारांच्या झंकाराची) चमकच जाते. हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू प्रत्येक कॅसेटसाठी हलक्या हाताने फिरवून पाहावा लागतो, कारण मूळ यंत्राचे हेड तिरके असेल तर आपलेही तितकेच तिरके करायला हवे. फिरवताना तंबोऱ्याचा वरचा झंकार आणि शब्दांतला ‘स’ ऐकावा. ते सर्वांत स्पष्ट होतील तिथे थांबावे.

वेगाबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण श्रद्धांजलीच्या नावाखाली सर्वाधिक अन्याय इथे होतो. यंत्र सहा टक्के जास्त वेगाने पळाले की सूर बरोबर अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी एकचे गाणे काळी एकमध्ये ऐकू येते, आवाज कोवळा वाटतो आणि तान खोटीच चपळ होते. फिरणाऱ्या कित्येक क्लिपांचे हेच झालेले असते आणि खाली लोक ‘काय तयारी!’ लिहितात. तपासायचे कसे? मुद्रणात विजेची घरघर असेल तर ती ५० हर्ट्झच्या जवळ हवी. ५३ दिसली तर टेप पळते आहे. पण पूर्वी आपल्याकडे विजेची वारंवारिता स्वतःच खाली घसरत असे, त्यामुळे घरघरीवर एकट्या विसंबू नये. कलावंत कोणत्या पट्टीत गात असत ते शिष्यांना विचारावे आणि साथीच्या हार्मोनियमशी ताडावे. पेटी सहसा अर्धा स्वर चुकत नाही.

स्पूलचे, म्हणजे उघड्या चकतीवर गुंडाळलेल्या फितीचे, प्रकरण वेगळे. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या काही फितींचा चिकट लेप दमटपणाने सुटतो. वाजवताना ती किंचाळते आणि हेडवर तपकिरी मळ साठतो. तसे झाल्यास लगेच थांबावे. अशी फीत प्रयोगशाळेत असतात तसल्या, तापमान नेमके राखणाऱ्या इनक्युबेटरमध्ये साधारण ५४ अंश सेल्सिअसला आठ तास ठेवतात, तितकाच वेळ निवू देतात आणि पुढच्या काही आठवड्यांत संगणकावर उतरवून घेतात, कारण फायदा तात्पुरता असतो. स्वयंपाकघरातला ओव्हन यासाठी अजिबात नको. त्याहून जुनी अ‍ॅसिटेटची फीत तर कधीच तापवायची नाही. ओळख सोपी आहे: चकती दिव्यासमोर धरली की अ‍ॅसिटेटमधून उजेड झिरपतो, पॉलिस्टर काळेच दिसते. व्हिनेगरसारखा वास सुटला असेल तर ती कुजायला लागली आहे; तिचा नंबर पहिला लावा.

उतरवायचे ते ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलमध्ये. स्टिरिओचा एक तास साधारण दोन जीबी होतो. तीनशे सी-९० (दीड तासाच्या) कॅसेटी म्हणजे एक टीबीला थोडे कमी. वाजवण्याचेच ४५० तास, दिवसाला चार तास बसले तरी जवळपास चार महिने. हे गणित आधी सांगितले नाही तर उत्साही शिष्य पंधराव्या दिवशी गळतात. मूळ फाइलवर खरखर काढण्याचे प्रयोग करू नयेत. ते प्रतीवर करावेत. प्रती तीन ठेवाव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. आणि कॅसेट उतरवून झाली म्हणून भंगारात देऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली फाइल ही प्रत नव्हे.

आवाज वाचला पण नावे गेली, असेही खूप होते. कॅसेटच्या कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढावा. राग, बंदिशीचा मुखडा, गाव, तारीख, तबला, पेटी, तंबोऱ्यावर कोण, आणि कॅसेट भरली कुणी हे लिहावे. ठाऊक नसेल तिथे ‘अंदाजे’ लिहावे, नसलेली तारीख जुळवू नये. जुन्या तबलजींना ऐकवले तर ते आपला ठेका ओळखतात. पण तेही सत्तरी-ऐंशीत आहेत, तेव्हा हे काम आधी.

नाटकवाल्यांच्या घरी कागद जास्त. दिग्दर्शकाच्या पेन्सिलीच्या खुणा असलेली तालमीची संहिता छापील पुस्तकापेक्षा मोलाची, आणि रद्दीत सहसा तीच जाते. टाचण्या काढाव्यात, सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नये; जागेवरच स्कॅन करावा. चित्रपटाची रिळे असतील तर विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोलावे. रिळे जुनी, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेटची असतील तर घरात ठेवणे धोक्याचे आहे. जानेवारी २००३ मध्ये याच शहरात नायट्रेटच्या साठ्याला आग लागून अनेक जुने चित्रपट कायमचे गेले.

कॅसेट घरात आहे म्हणून ती प्रकाशित करण्याचा हक्क घरच्यांचाच, असे नाही. कायद्याने सादरकर्त्याचा हक्क पन्नास वर्षे चालतो आणि साथीदारही सादरकर्तेच असतात. सर्व वारसांची एका कागदावर सही घ्यावी आणि त्यात जतन, अभ्यासकांना ऐकवणे व प्रकाशन अशा तीन परवानग्या वेगवेगळ्या लिहाव्यात. पहिल्या दोन लगेच मिळतात. तिसरीवर भांडण झाले तरी काम अडत नाही.

शोकसभांबद्दल एक. तिथे साथीदार आणि समकालीन जे बोलतात ते बहुधा कुठेच लिहिलेले नसते. प्रेक्षकांतून मोबाइलवर घेतलेल्या मुद्रणात पंखा आणि खुर्च्याच जास्त येतात. ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरमधून लाइन-आउट (आवाज थेट बाहेर देणारी जोडणी) घेऊन छोट्या रेकॉर्डरवर भरावे आणि सुरुवातीला तारीख, स्थळ व वक्त्याचे नाव तोंडाने बोलून ठेवावे. मंडपवाल्याला आदल्या दिवशी सांगितले तर एक केबल पुरते.

आपल्याकडून एकच अपेक्षा. निधनवार्तेच्या चौकटीत जन्मगाव आणि पुरस्कार छापता, तसे कलावंत कुणाकडे शिकले, कुणाची साथ केली आणि कोणत्या वर्षांत आकाशवाणीच्या कुठल्या केंद्रावरून गायले हेही छापावे. आणि घरच्यांची संमती असेल तर ‘ज्यांच्याकडे मैफलींची ध्वनिमुद्रणे असतील त्यांनी कळवावे’ ही ओळ. ती बातमीच्या दिवशीच यायला हवी. वर्षश्राद्धापर्यंत खोली आवरून झालेली असते.

आपले,
ध्वनिमुद्रणांच्या जतनाचे काम करणारे काही वाचक, पुणे