टाकीत माणूस उतरतोच का? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सेप्टिक टाक्या साफ करताना होणारे मृत्यू

महोदय,

‘टाकीत गुदमरून तिघांचा मृत्यू’ ही बातमी फक्त गावाचे नाव बदलून पुन्हा पुन्हा छापून येते. मागोमाग चौकशीचे आदेश निघतात, मदत जाहीर होते आणि हातमोजे-मास्क दिले नाहीत म्हणून ठेकेदारावर टीका होते. हे वाचून संताप येतो, कारण माणूस आत का उतरला हे कोणी विचारतच नाही.

तो उतरतो तळाच्या घट्ट गाळासाठी. टँकरचा पंप पातळ मैला ओढतो. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसली तर तळाचा गाळही ओढता येण्याइतका सैल राहतो. दहा-पंधरा वर्षे झाकणच उघडले नाही, तर तो दाबून बसतो आणि पाइप त्यात नुसता रुततो. सोसायटीला टाकी ‘पूर्ण साफ’ हवी असते, टँकरवाल्याचा दर खेपेवर ठरलेला असतो. मग फावडे-बादली देऊन एकाला खाली सोडले जाते.

टाकी रिकामी दिसते तेव्हाच धोका वाढलेला असतो. गाळात कोंडलेला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू फावडे लागताच सुटतो आणि हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. सुरुवातीला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे शंभर भाग) आसपास गेले की थोड्याच वेळात नाक बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे त्याला वाटते. प्रमाण हजाराच्या घरात गेले तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. वर उभा असलेला भाऊ किंवा सोबती त्याला काढायला खाली धावतो आणि तोही तिथेच कोसळतो.

कापडी किंवा एन-९५ मास्क धूळ अडवतो, वायू नाही. मेणबत्ती सोडून पाहण्याची पद्धत तर तत्काळ बंद व्हावी. विषारी वायू असतानाही ज्योत जळत राहू शकते, आणि मिथेन साचलेला असेल तर स्फोट होतो.

यावर साधा उपाय आहे. घट्ट गाळावर जेटिंगने जोराचा पाण्याचा फवारा मारायचा, तो फुटून सैल झाला की पुन्हा ओढायचा. दोन-तीन फेऱ्यांत बहुतेक टाक्या माणसाविना रिकाम्या होतात. मात्र खासगी टँकरवर जेटिंगचा पंप बहुधा नसतो आणि परवाना देताना तो कोणी मागत नाही. त्याहून चांगला उपाय आपल्याच राज्यात आहे. वाई नगरपालिकेने २०१८ पासून ठरलेल्या वेळापत्रकाने, दर तीन वर्षांनी, घरोघरच्या टाक्या उपसायला सुरुवात केली. सिन्नरनेही तीच वाट धरली. टाकी तुंबण्याची वाट पाहिली नाही, तर गाळ घट्ट होण्याची वेळच येत नाही.

अगदीच उतरावे लागले, तर सगळी झाकणे उघडी ठेवून ब्लोअरची (ताजी हवा आत ढकलणाऱ्या पंख्याची) नळी तळापासून हातभर अंतरापर्यंत सोडावी लागते. ब्लोअर जनरेटरच्या धुराजवळ ठेवला तर तोच धूर टाकीत भरतो, ही चूक सर्रास होते. चार वायूंचा डिटेक्टर (ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र) वर, मध्ये आणि तळाशी धरून पाहायचा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या वर दाखवला, तर उतरायचे नाही. काम चालू असेपर्यंत डिटेक्टर अंगावरच हवा, कारण गाळ हलला की आकडे बदलतात. कमरेला बांधलेला दोर कामाचा नाही. बेशुद्ध माणूस त्यात दुमडतो आणि दोन फुटांच्या तोंडात अडकतो. पूर्ण अंगाचा हार्नेस (खांदे-मांड्यांभोवतीचा पट्ट्यांचा साज), टाकीच्या तोंडावरची तिपाई आणि विंच (दोर गुंडाळून वर ओढणारे यंत्र) असेल तरच त्याला वरून ओढता येते, कोणी खाली न उतरता. डिटेक्टरचे सेन्सर ठरावीक मुदतीनंतर निकामी होतात. कपाटात पडून राहिलेले यंत्र शून्य दाखवते आणि त्या शून्यावर विश्वास ठेवून माणूस खाली जातो.

हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारे आणि सेप्टिक टाक्यांची धोकादायक सफाई करवून घेण्यास मनाई केली आहे. पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. ती द्यायलाच हवी, पण ती मृत्यूनंतरची आहे.

आपल्याकडे मागणी एवढीच की, प्रत्येक नगरपालिकेला टाक्या उपसण्याचे तीन वर्षांचे वेळापत्रक सक्तीचे करा. मैला उपसणाऱ्या टँकरचा परवाना जेटिंग पंप, चालू डिटेक्टर, ब्लोअर, तिपाई आणि हार्नेस प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय देऊ नका. मृत्यू झाल्यास एफआयआरमध्ये या कायद्याची कलमे लावली जातील आणि ज्याने माणूस उतरवला त्याच्यासोबत ज्याने ही साधने नसलेला टँकर पास केला त्याचीही चौकशी होईल, असा आदेश काढा. पावसाळ्यात टाक्या तुंबतात आणि घाईची कामे वाढतात. तो आदेश त्याआधी निघावा.

आपले,
मैला व सांडपाणी व्यवस्थापनाच्या क्षेत्रात काम करणारे अभियंते