फर्गल शार्की काकांना मांजराकाठावरून थँक्यू

नमस्कार फर्गल काका,

तुम्हाला मराठी येत नाही, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची काही गॅरंटी नाही, तरी लिहायलोय. काका म्हणतोय ते चालवून घ्या, आमच्याकडं सत्तरीला टेकलेल्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत.

मी लातूर जिल्ह्यातला, मांजरा नदीच्या काठचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवतो, त्यामुळं तुमची ओळख आधी गाण्यातूनच झाली. उत्तर आयर्लंडातल्या डेरी गावच्या पोरांचा 'द अंडरटोन्स' बँड, १९७८ चं 'टीनएज किक्स', मग सोलो झाल्यावर १९८५ ला ब्रिटनमधे एक नंबरला गेलेलं 'अ गुड हार्ट'. तो थरथरता आवाज एकदा कानात बसला की निघत नाही. मला वाटलं आता हा माणूस जुनी गाणी गात शो करत फिरत असेल, म्हणून यूट्यूबवर शोधाय गेलो तर तुम्ही नदीकाठी उभं राहून इंग्लंडातल्या पाणी पुरवणाऱ्या नि गटारं सांभाळणाऱ्या कंपन्यांची अशी धुलाई करायलेत की मी जेवायचं ताट तसंच ठेवून बघत बसलो.

तुम्हाला गळ टाकून ट्राउट धरायचा नाद, ली नदीवरच्या जुन्या मासेमारी क्लबचे तुम्ही चेअरमन, तिथून ही सगळी भानगड सुरू झाली. तुमच्या त्या खडूच्या खडकातल्या नद्या, जगात अगदी मोजक्या आणि त्यातल्या बहुतेक इंग्लंडात. पाऊस खडकात मुरतो आणि झऱ्यांनी नितळ होऊन बाहेर येतो. पण खालून पंपानं पाणी उपसलं की वर नदी आटते. हे ऐकलं आणि काका, मला आमचा बोअरच दिसला. आमचा खडक काळा, कठीण, पाणी फक्त फटीत नि वरच्या मुरमाडात थांबतं, आणि त्यावरही आम्ही बोअरवर बोअर मारलेत. मग २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली. ती 'जलदूत' गाडी सगळ्या देशानं टीव्हीवर बघितली. पण मांजरा कामून आटली हे विचारायला किती जण आले, सोडा.

पण थँक्यू ह्याच्यासाठी नाही. थँक्यू तुमच्या भांडायच्या पद्धतीसाठी.

आमच्याकडं नदी वाचवा म्हणलं की रॅली, टोपी, शपथ, फोटो, वडापाव, संपलं. (त्या रॅलीत मी पण वाजवलंय, पैसे अजून यायचेत.) तुम्ही मात्र कागद काढता. परवान्यात काय लिहिलंय? जोराचा पाऊस असेल तरच मैला नदीत सोडायची मुभा आहे ना, मग कोरड्या दिवशी कसा सोडला? कंपन्या १९८९ ला खाजगी झाल्या, तेव्हापासून पैसा गेला कुठं? इंग्लंडात २०२३ या एका वर्षात ३६ लाख तासांच्या वर मैलापाणी सोडलं गेलं, हा आकडा निघाला कारण गटारांच्या तोंडावर मीटर बसले होते. मीटर असला की थाप मारता येत नाही, एवढं मला तुमच्यामुळं कळलं.

आमच्या गावात मैलापाणी साफ करायचा प्लांट आहे. गावाचं नाव लिहीत नाही, उगं ताप नको. विचारलं की साहेब म्हणायचे चालू आहे की, बघा मोटर. आता मोटर बघून मला काय कळणार? मग एका रात्री तुमचा व्हिडिओ बघताना डोक्यात आलं, मोटर चालते तर लाईट बिल येत असंल की. आरटीआय टाकला, २००५ चा कायदा आहे आमच्याकडं, अर्जाला दहा रुपये. मुदतीत उत्तर नाही, मग अपील केलं आणि शेवटी बिलांच्या झेरॉक्स मिळाल्या, इतक्या फिक्या की मोबाईलचा टॉर्च मारून वाचल्या. महिन्यामागं महिने मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग सेम! नुसता स्थिर आकार भरायलेत. म्हणजे सगळी घाण सरळ नाल्यातून मांजरात, आणि कागदोपत्री प्लांट चालू.

त्या झेरॉक्स वॉर्डातल्या बायांनी सभेत नेऊन टेबलावर ठेवल्या, मी मागं उभा होतो. घोषणा नाही की काही नाही, एक मावशी फक्त रीडिंग मोठ्यानं वाचत गेली. साहेबांनी दोनदा पाणी पिलं. आता प्लांट चालू झालाय म्हणतेत. असंल. पुढच्या महिन्यांची बिलं पण मागवलीत.

तर काका, मनापासून थँक्यू. सभेत रीडिंग वाचणाऱ्या मावशीला तुमचं एक गाणं ऐकवलं, ती म्हणली आवाज लई चांगलाय पण माणूस रडायलाय का गायलाय? इकडं आलात तर दिवाळीच्या आसपास या, तेव्हा नदीला पाणी असतंय. ट्राउट नाही मिळणार, मरळ मिळंल.

तुमचा,
मांजराकाठचा की-बोर्डवाला